एका बटणावरची दोन बिऱ्हाडं

बाथरूमचं बटण बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये असणं ही आपल्याकडच्या फ्लॅटची जुनी रीत. ओला हात आणि वीज यांची भेट होऊ नये हा त्यामागचा विचार, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यामुळे आत गेलेल्या माणसाचा उजेड बाहेरून जाणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. त्यातून मराठी मध्यमवर्गीय घरात पॅसेजमधून जाणारा प्रत्येक जण वीज वाचवायच्या मोहिमेवरच असतो. चालू बटण दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. मग आतून "अरे, मी आहे!" अशी आरोळी येते, बाहेरून "मग सांगायचं ना!" असं उत्तर जातं, आणि बाथरूमला जाताना कोणी कोणाला काय सांगून जायचं हा प्रश्न तसाच राहतो.

आमच्या घरात या प्रकाराला आणखी एक पदर होता. आमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन दोघंही एकाच बटणावर. बटण बंद झालं की आतल्याचा उजेडही गेला आणि वाराही. फायदा इतकाच, की पंख्याची घरघर थांबल्यामुळे पुढची आरोळी बाहेर अगदी स्वच्छ ऐकू यायची.

हे लग्न कोणी लावलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. वाड्यातल्या न्हाणीघरात वाऱ्याचा प्रश्नच नव्हता. बंबाच्या धुरासाठी ठेवलेला झरोका होता आणि दार कधी नीट लागायचं नाही, तेवढं पुरे होतं. चाळीतल्या मोरीला वेगळा दिवासुद्धा नसायचा. स्वयंपाकघरातला उजेड कठड्यावरून जेवढा उतरेल तेवढ्यात आंघोळ उरकायची. फ्लॅट आले तेव्हा बाथरूमला चार भिंती, दार, कडी आणि स्वतःचा दिवा मिळाला. बऱ्याच घरांत हा दिवा म्हणजे झिरोचा बल्ब. नावात झिरो असला तरी तो पंधरा वॅटच्या आसपास वीज खायचा; जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला एवढी बारीक भूक फारशी जाणवायची नाही, म्हणून त्याची कीर्ती शून्याची. हवेसाठी वर काचेच्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर, तो उघडायचा डक्टमध्ये, आणि डक्टमध्ये पारवे.

आमची इमारत 1985 च्या सुमाराची. बाथरूमबाहेरच्या बोर्डावर बिल्डरने दिलेली बटणं अशी : एक बाथरूमच्या दिव्याचं, एक पॅसेजच्या दिव्याचं, एक गिझरचं मोठं, आणि एक कशाचंच नाही. हे चौथं बटण प्रत्येक पाहुण्याने निदान एकदा दाबून पाहिलेलं आहे. पंखा आला बऱ्याच वर्षांनी. व्हेंटिलेटरच्या वरच्या दोन काचा काढून तिथे प्लायवूड ठोकलं, त्याला गोल भोक पाडलं आणि सहा इंची पंखा बसवला. त्याला वीज कुठून द्यायची? समोर होल्डर होताच. होल्डरमधूनच दोन टोकं काढली, भिंतीवरच्या पट्टीतून व्हेंटिलेटरपर्यंत नेली, आणि वायरमन चहा पिऊन गेले. दोन बिऱ्हाडं एका बटणावर नांदू लागली. त्या दिवशी पारवे उडून गेले या आनंदात बाकी कशाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष जायला सुरुवात झाली ती रात्री. साठी ओलांडलेल्या माणसाला रात्री उठावं लागतं, आणि त्याची एकच इच्छा असते की बाकी कोणी उठू नये. पण बटण हळू दाबता येत नाही. 1884 मध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी असं बटण शोधलं, की ज्यात आतले संपर्क झटक्यात सुटतात. हळू सुटले तर मध्ये ठिणगी रेंगाळते आणि धातू जळतो. तेव्हापासून जगभरची बटणं टक् करूनच बोलतात. अंगठा कितीही मायेने टेकवा, आतली स्प्रिंग आपल्या वेळी उसळी घेणारच. त्या टक् पाठोपाठ आमच्याकडे पंखा सुरू व्हायचा. आधी एक कण्हणं, मग खडखड, मग घरघर. आतल्या खोलीतून आई विचारायची, "कोण रे? बरं वाटत नाही का?" बरं वाटत होतं. उत्तर देण्याइतकी जाग यावी असं मात्र वाटत नव्हतं.

पण पंख्याच्या आवाजाला नुसतं बोलून चालणार नाही. साडेपाचशे चौरस फुटांत चार माणसं राहतात तेव्हा बाथरूम ही एकच खोली अशी असते, की जिला आतून कडी लावली तर कोणी कारण विचारत नाही. तिथे माणसं गातात, फोनवर हळू बोलतात, परीक्षेचा निकाल लागल्यावर नळ सोडून रडतात. शिवाय शरीराचे म्हणून काही आवाज असतात आणि दाराबाहेर सहा फुटांवर सोफा असतो. सोफ्यावर पहिल्यांदाच आलेले व्याही बसलेले असतात. अशा वेळी ती घरघर म्हणजे अब्रूचा पडदा. भर दुपारी, व्हेंटिलेटरमधून लख्ख उजेड येत असताना, आमच्याकडचे पाहुणे दिव्याचं बटण दाबून आत जायचे ते दिव्यासाठी नाही, हे आम्हाला कळायचं. आम्हीही टीव्हीचा आवाज थोडा वाढवून सौजन्याला सौजन्याने उत्तर द्यायचो.

खरी अडचण पावसाळ्यात. आषाढ लागला की आमच्या बाथरूमचं छत वाळायचं नाव घेत नाही. आंघोळीची वाफ, दोरीवरचे ओले टॉवेल, बाहेरचीही हवा दमट. कोपऱ्यात आधी काळे ठिपके येतात, मग ठिपक्यांची वस्ती होते. यावर उपाय सोपा : आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू ठेवायचा आणि दाराखालून हवा आत यायला फट ठेवायची, कारण बाहेरून हवा आत आलीच नाही तर पंखा बाहेर फेकणार काय? आमच्या सौ. रोज हे न चुकता करायच्या. पण पंखा चालू म्हणजे दिवा चालू. दिवा चालू म्हणजे दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ. आणि ती रेघ म्हणजे आमच्या घरात 'आत कोणीतरी आहे' असा जाहीर फलक.

त्यामुळे रिकाम्या बाथरूमबाहेर रांग लागायची. मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून मोबाइल बघत उभा. मी त्याच्या मागे. आई खुर्चीवरून, "आज फारच वेळ लावलान ग तिने." आणि सौ. तर स्वयंपाकघरात पोहे परतत असायच्या. कोणीतरी शेवटी दार ठोठावायचं, आतून उत्तर नाही, क्षणभर काळजी, दार ढकललं तर आत फक्त पंखा. ऑफिसची एक बस अशा रांगेत चुकलेली आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या दोघांचा स्वभावच जुळत नाही. दिव्याचं काम माणूस आत असेपर्यंत. पंख्याचं खरं काम माणूस बाहेर पडल्यावर सुरू होतं. एक सांगतो कोणीतरी आहे, दुसरा सांगतो कोणीतरी होतं. दोघांना एका बटणाने बांधलं की एकाला तरी रोज खोटं बोलावं लागतं. विजेच्या बिलाचा प्रश्न किरकोळ होता. नऊ वॅटचा एलईडी दिवा सलग शंभर तास ठेवला तरी एक युनिट होत नाही. चाळीस वॅटचा पंखा पंचवीस तासांत एक युनिट खातो. पण रिकाम्या खोलीत दिवा जळतोय हे आईला पाहवत नाही, आणि ते दुःख युनिटांत मोजायचं नसतं.

उपाय विचारायला सुरुवात केली की कळतं, प्रत्येक इमारतीत एक निवृत्त इंजिनिअर असतात. आमचे वरच्या मजल्यावर. त्यांनी कागद मागवला. म्हणाले, घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे जाते. डायोड नावाचा पुर्जा वीज एकाच दिशेने सोडतो. बटणाकडे दोन डायोड उलटसुलट लावायचे, वर दिव्याकडे एक आणि पंख्याकडे एक. पुढे जाणारी अर्धी वीज दिव्याला, मागे येणारी अर्धी पंख्याला. वायर तीच, भिंत शाबूत, दोघं वेगळे! कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी जवळजवळ टाळी दिली. पण तारेचे बल्ब होते तोवरच ही युक्ती चालायची. अर्ध्या विजेवर पंख्याची मोटर गुरगुरत तापते आणि शेवटी जळते. एलईडीच्या आतलं सर्किटही अर्धपोटी नीट वागेलच असं नाही. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, कागदाची घडी करून खिशात ठेवताना. सिद्धांत मांडून झाला होता, त्यांच्यापुरतं काम संपलं होतं.

मुलाच्या पिढीचं उत्तर वेगळं. बटण कायम चालू ठेवायचं, होल्डरपाशी काडेपेटीएवढी एक डबी बसवायची, तिच्यातून दिवा वेगळा आणि पंखा वेगळा, आणि हुकूम द्यायचा मोबाइलवरून किंवा भिंतीवर चिकटवलेल्या बिनतारी बटणावरून. भिंतीला हात लागत नाही, तासाभराचं काम. खरं तर ही सोय चांगली आहे. भाड्याच्या घरात तर हीच करावी. फक्त डबी वाफेपासून लांब, कोरड्या जागी बंद खोक्यात हवी, आणि लाइट जाऊन आल्यावर ती कोणत्या अवस्थेत जागी होते ते आधीच पाहून घ्यावं. नाहीतर पहाटे तीन वाजता वीज येते आणि पंखा आपणहून कामाला लागतो. आमच्याकडे आक्षेप तांत्रिक नव्हता. आई म्हणाली, "म्हणजे मी बाथरूमला जाताना फोन घेऊन जायचं?" ठराव तिथेच बारगळला.

तिसरा मार्ग सेन्सरच्या बल्बचा. नेहमीच्या होल्डरमध्येच बसतो, माणूस आला की पेटतो, गेला की विझतो. बटण सदा चालू, आणि पंख्याला वेगळी ओढायची दोरी. वायर शून्य. हा बल्ब आम्ही लावून पाहिला. पण शरीराच्या उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला हालचाल लागते, आणि बाथरूममध्ये माणूस ज्या कामासाठी सर्वांत जास्त वेळ बसतो त्यात हालचाल फारशी नसते. वर्तमानपत्राचा अग्रलेख रंगात आला की अंधार. मग बसल्या जागी दोन्ही हात हवेत हलवायचे. दुसऱ्या जातीचे, रडारवर चालणारे सेन्सर यापेक्षा हुशार असतात, इतके की पातळ दारापलीकडूनही त्यांना माणूस कळतो; पॅसेजमधून कोणी गेलं तरी आत दिवाळी.

दोरीवरून आठवलं. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथे बाथरूमच्या छतातून दोरी लोंबते, ती ओढली की दिवा लागतो. बटण छतात, हातात फक्त सुतळी; ओल्या हाताचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. उघडणारी खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दिवा बंद केल्यावरही पंखा पंधरा मिनिटं चालत राहतो. तिथल्या इमारतींच्या नियमावलीतच तसं लिहिलेलं आहे. माणूस गेल्यावर पंख्याचं काम सुरू होतं हे कोणीतरी सरकारी कागदावर मांडलंय, हे ऐकून मला फार बरं वाटलं. भाचीने नव्या उत्साहात एका उपाहारगृहातल्या अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात लाल दोरी ओढली होती. ती मदतीची असते. मदत धावत आली.

शेवटी वायरमनना बोलावलं. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन असे दोन वेगळे ट्रेड आहेत, दोन्ही दोन-दोन वर्षांचे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आपल्याला काय म्हणायचं याबद्दल ते काटेकोर होते. त्यांनी एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली, बोर्ड उघडला आणि आत वाकून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही त्या बोर्डाच्या आत कधी पाहिलं नव्हतं. आतून एक कोळ्याचं जाळं आणि माती बाहेर आली.

"काका, यात आहेच काय? इथून होल्डरला दोन वायरी जातात. बटणातून निघालेली फेज आणि एक न्यूट्रल. न्यूट्रल दोघांना एक चालेल. पंख्याला फक्त एक फेज वेगळी पाहिजे. तुमच्याकडे बटण मोकळं आहेच." असं म्हणून त्यांनी त्या चौथ्या, कशाचंच नसलेल्या बटणावर बोट ठेवलं. घरात एकदम आदराचं वातावरण पसरलं.

म्हणजे सगळा प्रश्न एका वायरीचा होता. बोर्डापासून होल्डरपर्यंत, दहा-बारा फूट.

इंजिनिअर साहेब खाली आले होते. ते म्हणाले, "अहो, पाइपात गिझरची हिरवी दिसतेय की. ती घ्या पंख्याला. ओढाओढच नको." वायरमन पहिल्यांदाच गंभीर झाले. हिरवी वायर अर्थिंगची, गिझरच्या अंगाला जोडलेली. तिच्यात फेज सोडली तर गिझरच्या पत्र्यात करंट, आणि खाली ओला माणूस. गिझरपासून तोडून वापरली तर गिझर अर्थिंगविना. "हिरव्याला हात लावायचा नाही," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला, आणि इंजिनिअर साहेबांनीही मान डोलावली. बाथरूममधल्या विजेशी काटकसर करायला जाणाऱ्यांनी हे वाक्य दारावर लिहून ठेवलं तरी चालेल. मी स्वतः या कामात टेस्टरलासुद्धा हात लावला नाही. परवाना असलेल्या माणसाला पैसे द्यावेत आणि आपण टॉर्च धरावा.

भिंत फोडायची नव्हती. फोडली असती तर टाइल्स गेल्या असत्या, आणि आमच्या त्या फिक्या निळ्या, बदकांच्या टाइल्स आता पृथ्वीवर कुठे मिळत नाहीत. माळ्यावर जपून ठेवलेल्या दोन आहेत, पण त्यांच्यावर बदक नाही. तेव्हा जुन्या वायरीच्या शेपटीला नव्या तीन बांधायच्या, एका बाजूने जुनी ओढायची आणि दुसऱ्या बाजूने नव्या सोडायच्या. जुन्या अल्युमिनियमच्या होत्या, त्याही बदलून होणार. नव्या दीड चौरस मिलिमीटरच्या, तांब्याच्या. पाइप अडकलाच तर वरून प्लॅस्टिकची पट्टी मारायची. दिसायला साधी, पण त्यात कमीपणा काही नाही.

"काकू, पावडर आहे का?"

सौ. नी त्यांच्या कपाळावरच्या घामाकडे पाहून पंखा मोठा केला आणि चंदनाचा डबा आणला. त्यांनी अर्धा डबा वायरींना चोळला. वायरी पाइपात सरकायला पावडर लागते, तेल-साबण चालत नाही. मग ते बाथरूममध्ये स्टुलावर, त्यांचा मदतनीस पॅसेजमध्ये, आणि दोघांच्या मध्ये, खुर्ची सरकवून, आई.

"ओढ!"

"ते म्हणतात ओढ," आईने निरोप पोचवला.

"थांब, थांब!"

"थांब म्हणतात."

"ढिली सोड!"

"कशाला ढिली सोडतोस, मगाशी ओढ म्हणाले ना?"

बेंडपाशी वायर अडली. मागे घेतली, पावडर लावली, पुन्हा ढकलली. शेजारचे दोघे आले, एक सल्ला घेऊन आणि एक चहा प्यायला. शेवटी होल्डरच्या खड्ड्यातून लाल, पिवळी आणि काळी अशी तीन टोकं, पांढरीफटक होऊन, चंदनाच्या दरवळासकट बाहेर आली. आईने टाळ्या वाजवल्या. होल्डरपाशी पंख्याची फेज वेगळी करून पिवळीला जोडली, पुढे पट्टीत जुनाच मार्ग. एमसीबी वर केला. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला, नुसता दिवा. चौथं बटण दाबलं. पंखा कण्हला, खडखडला आणि घरघरला. इतकी वर्षं रिकाम्या बसलेल्या त्या बटणाला नोकरी लागली.

पहिली रात्र अपूर्व गेली. टक् झालं, उजेड पडला, आणि कोणी काही विचारलं नाही. दुपारी व्याही आले. त्यांना कोणतं बटण कशाचं ते कळेना, म्हणून त्यांनी चारही दाबली. ते बाहेर आले तेव्हा गिझरमध्ये पाणी उकळत होतं.

आठवडा गेला नाही तोच नवं दुखणं सुरू झालं. पूर्वी पंखा चालू राहिला तर दाराखालची उजेडाची रेघ चुगली करायची. आता अंधारात पंखा चालू आहे हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. त्याची घरघर तर आमच्या कानांना इतकी सवयीची, की ऐकूच येत नाही. सकाळी आंघोळीनंतर लावलेला पंखा संध्याकाळी कोणीतरी बंद करायचं. मग 'शेवटी आंघोळ कोणाची' यावर चौकशी बसायची. चौकशीत सगळे आपापली आंघोळ लवकर झाल्याचं शपथेवर सांगायचे.

वायरमनना पुन्हा फोन केला. ते हसले. "काका, पंख्याची वायर आता वेगळी आहे ना? मग बोर्डात टायमर बसवू. बटण दाबलं की वीस मिनिटं चालेल आणि आपला आपण बंद होईल." बसवला. आता आंघोळ करून बाहेर आलेला माणूस बटण दाबतो आणि निघून जातो. वीस मिनिटांनी पंखा गप्प होतो. छताच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांनी अजून मुक्काम हलवलेला नाही, पण नवी वस्ती वाढलेली नाही.

सौ. परवा पोहे परतता परतता थांबल्या. आतून घरघर बंद झाल्याचं त्यांच्या कानांनी टिपलं. माझ्याकडे, मग मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या मुलाकडे पाहून म्हणाल्या, "अहो, बघा. या घरात न सांगता बंद करणारं कोणीतरी आलं एकदाचं."